गुडघे टेकलेल्या माणसांची यादी

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील नेदरलँड्सच्या धार्मिक चित्रांमध्ये दिसणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांविषयीचा हा थ्रेड. तो बराच लांब आहे. उल्लेख आलेली बहुतेक चित्रे संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. ती शेजारी उघडून वाचल्यास अधिक बरे.

व्हिएन्ना येथील कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात सुमारे १७२ सेंटिमीटर उंचीचे, लाकडी फळीवर रंगवलेले एक चित्र आहे. त्याच्या अग्रभागी भरजरी पोशाखातील एक सम्राट उभा असून त्याच्यासमोर मानवी अस्थी जाळल्या जात आहेत. हा रोमन सम्राट जूलियन. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेला, म्हणून ख्रिस्ती परंपरेत ‘धर्मत्यागी’ ठरलेला. जळत असलेल्या अस्थी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या. सम्राट आणि त्याचे दरबारी नाटकातील पात्रांसारखे नटलेले आहेत. पण नजर थोडी मागे गेली की चित्राचा सूरच बदलतो. तेथे एक उघडे दगडी थडगे आहे आणि त्याभोवती गडद झग्यांतील काही पुरुष उभे आहेत. त्यांच्या झग्यांवर पांढरा क्रूस आहे. कोणाचे गाल बसलेले, कोणाची हनुवटी जाड, कोणाच्या कपाळावर आठ्या. हे चेहरे कल्पनेतून काढलेले नाहीत. ही माणसे चित्रकाराच्या ओळखीची होती.

चित्रकार खेर्टखेन टॉट सिंट यान्स. नावाचा अर्थ साधारणपणे ‘संत योहानाच्या मठातला छोटा खेरार्ड’. हार्लेम नगरात ‘सेंट जॉनचे नाइट’ या लढवय्या धार्मिक संघाचा जो मठ होता, तेथेच तो राहत असे. कारेल व्हान मांडर याने १६०४ साली चित्रकारांची चरित्रे प्रसिद्ध केली. त्याच्या मते खेर्टखेन अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या सुमारास वारला. थडग्याभोवती उभे असलेले पुरुष म्हणजे त्याच मठातील नाइट. आता प्रश्न असा की, पंधराव्या शतकातील हार्लेमची ही जिवंत माणसे चौथ्या शतकातील सम्राटाच्या पाठीमागे काय करीत आहेत?

आजच्या वाचकाला सुचणारे उत्तर सोपे आहे: पैसे त्यांनी दिले, म्हणून चित्रात जागा त्यांना मिळाली. ते खोटे नाही; परंतु त्या काळच्या माणसाला ते अपुरे वाटले असते. त्याच्या दृष्टीने चित्रात असणे ही हौसेची बाब नव्हती. तिच्यावर त्याच्या आत्म्याचे पुढचे दिवस अवलंबून होते.

मध्ययुगीन पश्चिम युरोपची श्रद्धा अशी की, सामान्य माणूस मेल्यावर थेट स्वर्गात जात नाही आणि थेट नरकातही जात नाही. तो शुद्धिस्थानात जातो. तेथे पापांचे उरलेले ओझे भोगून संपवावे लागते. हा भोग किती काळ चालेल, हे मात्र काही अंशी जिवंतांच्या हाती असते. १२७४ साली लिआँ येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हे स्पष्ट शब्दांत मान्य केले: जिवंतांनी केलेल्या प्रार्थना, मिस्सा आणि दानधर्म यांचा मृतांच्या आत्म्यांना लाभ होतो. म्हणजे मृताचे हित जिवंताच्या आठवणीत गुंतलेले. आणि आठवण ही तर मोठी बेभरवशाची गोष्ट.

म्हणून तिची व्यवस्था लावली जाई, आणि तीही कागदोपत्री. जमिनीचे वा घराचे वार्षिक उत्पन्न चर्चकडे लावून द्यायचे. त्यातून पुरोहिताला मानधन मिळायचे. त्याने ठरलेल्या दिवशी मिस्सा म्हणायचा आणि स्मरणवहीतून नाव मोठ्याने वाचायचे. त्या दिवशी गरिबांना भाकरी वाटण्याचीही सोय अनेक जण करीत. भाकरी घेणारा प्रार्थना करी आणि गरिबाची प्रार्थना देव लवकर ऐकतो असा समज होता. हा उघड उघड देण्याघेण्याचा व्यवहार होता आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. वेदीवर किंवा थडग्यावर लावलेले चित्र हा याच व्यवहाराचा एक भाग. मिस्सा चालू असताना नाव कानांवर पडावे आणि माणूस डोळ्यांसमोर असावा.

या प्रकारच्या चित्रांत चेहरा हुबेहूब असण्याची आरंभी गरजच नव्हती. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये माँटफोर्टच्या सरदारांचे एक स्मरणचित्र आहे. ते सुमारे १४०० मधले असून उत्तर नेदरलँड्समधून आपल्यापर्यंत पोहोचलेल्या सर्वांत जुन्या फलकचित्रांपैकी एक आहे. मारिया बाळाला घेऊन बसली आहे आणि चिलखत घातलेले चार सरदार तिच्यापुढे एकामागे एक गुडघे टेकून आहेत. त्यांच्या मागे संत जॉर्ज उभा आहे. १३४५ साली हॉलंडचा काउंट चौथा विलेम फ्रीजलंडवर चाल करून गेला आणि वार्न्सच्या लढाईत मारला गेला. माँटफोर्टचा सरदार यान आणि त्याचे आप्तही त्याच रणात पडले. चित्र त्यांच्या मृत्यूनंतर अर्धे शतक उलटून गेल्यावर काढलेले. चित्रकाराने त्यांना कधी पाहिले असण्याचा संभव नाही, आणि चौघे दिसतातही भावंडांसारखे. कोण कोणता, हे चिलखतावरील कुलचिन्ह आणि खालचा मजकूर सांगतात. एवढ्यावर भागत असे. देव माणसाला नाकाडोळ्यांवरून ओळखत नाही, आणि मिस्सा म्हणणाऱ्या पुरोहिताला नाव पुरे.

मग चेहरे हळूहळू खरे होऊ लागले. याचे श्रेय नेहमी तैलरंगाला आणि यान व्हान आयकच्या पिढीने कमावलेल्या कौशल्याला दिले जाते, ते योग्यच आहे. पण चेहरा खरा झाला म्हणून चित्राचा उद्देश लगेच बदलला असे समजण्याचे कारण नाही.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ब्रुज येथील सिंट-यान्स रुग्णालयात आहे. हान्स मेमलिंगने या रुग्णालयासाठी तीन फळ्यांचे मोठे वेदीचित्र काढले. त्याच्या चौकटीवर १४७९ हे साल आहे. आतल्या बाजूस मारिया, दोन्ही योहान आणि संत स्त्रिया आहेत. बाजूच्या फळ्या मिटल्या की बाहेरून दिसतात ती चार माणसे: रुग्णालयाचे दोन ब्रदर, याकोब दे कोनिंक आणि अँथोनिस सेगर्स, आणि दोन सिस्टर, अग्नेस काझेमब्रोट आणि क्लारा व्हान हुल्सेन. प्रत्येकाच्या पाठीशी त्याच्या नावाचा संत उभा आहे. याकोबामागे संत याकोब, अँथोनिसमागे संत अँथनी, अग्नेसमागे संत अग्नेस, क्लारामागे संत क्लारा. नाव हाच येथे दुवा: जन्मापासून ज्या संताचे नाव वागवले, त्याने मरणानंतर ‘हा माझा’ म्हणून देवापुढे उभे करावे. ही चार माणसे श्रीमंत कुटुंबप्रमुख नव्हती. ती संस्थेची पदाधिकारी मंडळी होती आणि संस्थेच्या वतीने गुडघे टेकून होती. मधल्या फळीवर मारियेच्या पाठीमागे, दूरवर, रुग्णालयाचा एक ब्रदर मद्याची पिंपे उतरवणाऱ्या यारीपाशी दिसतो. पिंपांतील मद्य मोजून शुल्क घेण्याचा अधिकार रुग्णालयाकडे होता आणि उत्पन्नाचे ते एक साधन होते. देवमातेच्या पाठीमागे जमाखर्चही रंगवला आहे, आणि तो लपवावा असे कोणालाही वाटले नाही.

पाच वर्षांनी, १४८४ मध्ये, मेमलिंगने ब्रुजच्याच विलेम मोरेलसाठी वेदीचित्र केले. मोरेल हा मसाल्यांचा व्यापारी, सावकारी पेढीचा कारभारी आणि दोन वेळा नगराध्यक्ष झालेला. राज्यकर्त्या माक्सिमिलियनला विरोध केल्याबद्दल त्याने १४८१ मध्ये तुरुंगही पाहिला होता. चित्राच्या मधोमध बाल येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्तोफर आहे. डाव्या फळीवर मोरेल आणि त्याच्यामागे पाच मुलगे. उजव्या फळीवर त्याची पत्नी बार्बरा आणि तिच्यामागे अकरा मुली. फ्लेमिश चित्रकलेत संपूर्ण कुटुंबाचे इतके भरगच्च चित्रण याआधी झाले नव्हते. खरे सांगायचे तर अकरा मुलींचे चेहरे जवळजवळ एकाच साच्यातले आहेत आणि मेमलिंगचे मन तेथे फारसे रमलेले दिसत नाही. पण या गर्दीतच चित्राचे मर्म आहे. सगळी मुले एकाच वेळी रंगवलेली नाहीत; चित्राच्या तपासणीत असे दिसले की काही आकृती नंतर भरल्या गेल्या आहेत. एक मुलगी डॉमिनिकन जोगिणीच्या काळ्यापांढऱ्या वेषात आहे आणि तो तपशीलही मागाहून आलेला आहे. घरात मूल जन्मले, मुलगी मठात गेली, की चित्रात नोंद होई. रेशनकार्डावर नाव चढवावे, तशीच काहीशी ही रीत.

उत्तरेकडील, म्हणजे आजच्या हॉलंडमधील स्मरणचित्रांत याहून थेट खूण आढळते. गुडघे टेकलेल्या काही माणसांच्या डोक्यांवर किंवा जोडलेल्या हातांजवळ छोटा क्रूस काढलेला असतो. ती व्यक्ती मृत आहे असा त्याचा अर्थ. बापामागे मुलगे, आईमागे मुली, त्यांत काहींवर क्रूस, काहींवर नाही. कधी कधी कपड्यांत गुंडाळलेली तान्ही बाळेही रांगेत ठेवलेली असतात: जन्मली आणि गेली, तरी मोजली गेली. सारे एकाच हिरवळीवर, एकाच प्रार्थनेत. कोणाच्या डोक्यावर क्रूस नंतर वाढवायचा राहिला, एवढाच काय तो जिवंत आणि मृत यांतला फरक. जर्मन इतिहासकार ओटो गेरहार्ड एक्सले याने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात या चित्रांविषयी जे म्हटले, ते येथे नेमके पटते. मध्ययुगात मृत व्यक्ती ही केवळ आठवण नसे. ती समाजाची सभासद असे, तिला हक्क असत, आणि तिचे नाव घेतले की ती हजर होई. या दृष्टीने पाहिले तर ही चित्रे म्हणजे त्या सभासदांचा हजेरीपटच.

आता पुन्हा हार्लेमच्या नाइट मंडळींकडे.

१४८० मध्ये ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या फौजांनी ऱ्होड्स बेटाला वेढा घातला. या संघाचे मुख्य ठाणे त्याच बेटावर होते. वेढा फसला. पुढच्याच वर्षी मेहमेद वारला आणि त्याच्या दोन मुलांत गादीसाठी युद्ध पेटले. हरलेला जेम १४८२ मध्ये आश्रयासाठी गेला तो थेट ऱ्होड्सला, म्हणजे बापाच्या शत्रूकडे. जिंकलेल्या बायझिदला भाऊ परत नको होता; तो दूर आणि बंदोबस्तात राहिलेला हवा होता. त्यासाठी तो संघाला दरवर्षी पैसे देऊ लागला, आणि १४८४ मध्ये त्याने सर्वांत मोठी भेट पाठवली: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा मानला जाणारा उजवा हात. योहान हा संघाचा आश्रयदाता संत. ऱ्होड्सला आलेल्या त्या अवशेषाची वार्ता संघाच्या मठामठांतून पसरली असणार, आणि खेर्टखेनच्या चित्राचा विषय त्यानंतरच हार्लेमला सुचला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

चित्रात योहानाच्या देहाची सारी कहाणी एकाच भूदृश्यात आहे. मागे दूरवर शिष्य धड पुरताहेत, शिर वेगळे पुरले जाते. पुढे जूलियन अस्थी जाळतो. आणि मध्ये, तेराव्या शतकात, संघाचे नाइट उरलेल्या अस्थी शोधून काढतात व मिरवत आक्र नगराकडे नेतात. कथेत ही घटना १२५२ सालची. हार्लेमचा मठ स्थापन झाला तोच मुळी चौदाव्या शतकाच्या आरंभी. तरीही त्या घटनेत उभी आहेत ती हार्लेमची माणसे, आपापले पंधराव्या शतकातले चेहरे घेऊन. माँटफोर्टच्या सरदारांप्रमाणे ती बाजूला गुडघे टेकून बसलेली नाहीत. मोरेलच्या मुलांप्रमाणे वेगळ्या फळीवरही नाहीत. ती कथेच्या आत शिरली आहेत. संघ म्हटला की त्यात दोनशे वर्षांपूर्वीचे नाइट आले आणि आजचेही आले. ‘आम्ही अस्थी वाचवल्या’ या वाक्यातील ‘आम्ही’ चित्रकाराने शब्दशः घेतला, एवढेच.

१५२७ च्या सुमारास उट्रेख्टमधील लढाईच्या धामधुमीतून बाहेर पडून यान व्हान स्कोरेल हा चित्रकार हार्लेमला आला आणि याच मठाचा प्रमुख सिमोन व्हान सानेन याचा पाहुणा झाला. खेर्टखेनचे वेदीचित्र त्याच्या नजरेखालून गेले असणार यात शंका नको. स्कोरेल स्वतः १५२० मध्ये व्हेनिसहून जहाजाने जेरुसलेमची यात्रा करून आलेला होता, आणि त्या प्रवासात ऱ्होड्सलाही थांबला होता. दोनच वर्षांनी ते बेट ऑटोमनांच्या हाती गेले. हार्लेममध्ये जेरुसलेमहून परतलेल्यांचा एक संघ होता. झावळीच्या रविवारी हे लोक हाती खजुराची झावळी घेऊन मिरवणुकीत चालत. स्कोरेलने त्यांचे चित्र काढले: पावणेतीन मीटर रुंदीच्या फळीवर बारा पुरुष ओळीने, प्रत्येकाच्या हाती झावळी, सोबत कुलचिन्ह, नाव आणि यात्रेचा मजकूर. डाव्या कडेला येशूच्या थडग्यावरील वास्तूचे चित्र. बारांपैकी एक स्वतः स्कोरेल.

या चित्रात संत कोठेच नाहीत. मारिया नाही, पाठीशी उभा राहणारा योहान नाही, आकाशातून डोकावणारा देव नाही. धर्मकथेतून उरली आहे ती एक वास्तू, तीही चित्रातले चित्र म्हणून. जागा सगळी माणसांनी व्यापली आहे. एवढे असूनही हे अजून स्मरणचित्रच आहे. नावे आहेत, पुण्यकर्माची नोंद आहे, आणि संघाचे सभासद मेलेल्या बांधवांसाठी प्रार्थना करीत होतेच. पण एखाद्याने खालचा मजकूर झाकून झावळ्या पुसून टाकल्या, तर समोर दिसेल ते पुढच्या शतकातले डच समूहव्यक्तिचित्र. ॲमस्टरडॅमच्या डिर्क याकोब्झ याने नगररक्षक दलाच्या सभासदांचे चित्र काढले ते १५२९ मध्ये, म्हणजे जवळजवळ त्याच वेळी.

आलोइस रीग्ल या ऑस्ट्रियन कला-इतिहासकाराने १९०२ मध्ये डच समूहव्यक्तिचित्रांवर जो प्रसिद्ध प्रबंध लिहिला, त्यात त्याने ही वाट खेर्टखेनच्या चित्रापासून सुरू केली आणि रेम्ब्रांटपर्यंत नेली. रीग्लची नजर विलक्षण तीक्ष्ण होती. आकृत्या एकमेकींकडे पाहत नाहीत, प्रत्येक जण आपल्याच विचारात आहे, तरीही ते एक गट वाटतात, हे त्याने फार बारकाईने टिपले. मात्र या गटाला बांधून ठेवणारे सूत्र त्याने मुख्यतः नागरी संघांच्या समभावात शोधले, आणि मृत्यूचा धागा त्याच्या हातून काहीसा निसटला. थडग्याभोवती उभे असलेले नाइट एकमेकांकडे पाहत नाहीत, कारण त्यांना एकत्र आणणारा संवाद त्या क्षणी चाललेलाच नाही. ते एका यादीत शेजारी शेजारी आहेत. उट्रेख्टमध्ये ट्रूस व्हान ब्यूरेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्मरणचित्रे, थडग्यांचे दगड आणि स्मरणवह्या एकत्र ठेवून जे काम केले, त्यानंतर ही चित्रे वह्यांपासून तोडून वाचणे अवघड झाले आहे.

धर्मसुधारणेने या यादीचा आधारच काढून घेतला. शुद्धिस्थान नाही, तर मृतांसाठी मिस्साही नाही. मिस्सा नाही, तर नाव वाचणारा पुरोहितही नाही. १५६६ मध्ये नेदरलँड्सभर मूर्तिभंजनाची लाट उसळली. हार्लेमला १५७२-७३ मध्ये स्पॅनिश फौजेचा सात महिन्यांचा वेढा सोसावा लागला. खेर्टखेनच्या वेदीचित्राचा मधला भाग आणि एक बाजू या दोहोंपैकी कशात तरी नष्ट झाली, असे व्हान मांडर लिहितो. उरलेली बाजू दोन्हीकडून रंगवलेली होती. ती करवतीने उभी चिरून तिची दोन चित्रे करण्यात आली. वेदी गेली, तेव्हा फळी मिटण्या-उघडण्याचे प्रयोजनही गेले. भिंतीवर टांगायला दोन चित्रे मिळाली. १५७८ नंतर हार्लेममध्ये कॅथलिक उपासना उघडपणे करता येईनाशी झाली आणि संघांची मालमत्ता टप्प्याटप्प्याने नगराकडे गेली. स्कोरेलचे यात्रेकरू त्याच वाटेने आजच्या फ्रान्स हाल्स संग्रहालयात पोहोचले. हाल्सने काढलेल्या नगररक्षकांच्या मेजवान्या त्याच संग्रहालयात आहेत.

खेर्टखेनच्या दोन फळ्या मात्र हार्लेममध्ये राहिल्या नाहीत. १६३० च्या दशकात डच शासनाने त्या इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला भेट दिल्या. एका प्रॉटेस्टंट शासनाने दुसऱ्या प्रॉटेस्टंट राजाला दिलेली ही भेट होती, आणि आता ती केवळ उत्तम जुनी चित्रे होती. १६४९ मध्ये चार्ल्सचा शिरच्छेद झाला, त्याचा संग्रह विक्रीस निघाला, आणि नेदरलँड्सच्या दक्षिण भागाचा तेव्हाचा कारभारी आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्म याच्या संग्रहातून ती व्हिएन्नाला गेली. चौकटीवर काही मजकूर असलाच, तर तो चौकटीबरोबर गेला. फळीवर आज नावे नाहीत. थडग्याभोवतीच्या नाइट मंडळींपैकी कोणता चेहरा कोणाचा, हे चित्र सांगत नाही.